क्षुधा, ग्रहणी आणि आंत्रगत संप्रेरके

आमाशय रिकामे झाले की भूक लागते व भरले की शमते, एवढ्या स्थूल कल्पनेवर आपले शास्त्र कधीच थांबले नाही. चरकाचार्यांनी ग्रहणीला अग्नीचे अधिष्ठान म्हटले, तर सुश्रुताचार्यांनी आमाशय व पक्वाशय यांच्यामध्ये पित्तधरा कला वर्णिली. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राला या प्रदेशाचे वेगळे महत्त्व १९०२ साली उमगले. लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू छेदून तेथे आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडातून पाचकरस स्रवला. अर्थात संदेश रक्तामार्गे गेला होता. त्या द्रव्यास सिक्रेटिन हे नाव मिळाले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला. अंतःस्रावी शास्त्राचा आरंभ असा आतड्यातूनच झाला आहे.

भूक उत्पन्न करणारे प्रमुख आंत्रसंप्रेरक म्हणजे घ्रेलिन. १९९९ साली जपानमध्ये त्याचा शोध लागला. ते आमाशयाच्या ऊर्ध्व भागातून स्रवते, जेवणाच्या नित्य वेळेपूर्वी वाढते व भोजनोत्तर उतरते. तेच पोषणिका ग्रंथीकडून वृद्धिसंप्रेरकही स्रववते. अन्न ग्रहणीत उतरताच स्नेह व प्रथिने यांच्या स्पर्शाने कोलेसिस्टोकायनिन स्रवते. त्यायोगे पित्ताशय आकुंचन पावते आणि तृप्तीचा पहिला संकेत मेंदूस पोहोचतो. त्यानंतर विशेषतः आतड्याच्या उत्तर भागातून जीएलपी-१ व पीवायवाय ही संप्रेरके येतात. जीएलपी-१ आमाशय रिकामे होण्याची गती मंदावते, भूक शमवते आणि रक्तशर्करा वाढलेली असतानाच इन्सुलिन वाढवते. तोंडाने घेतलेली साखर शिरेतून दिलेल्या साखरेपेक्षा अधिक इन्सुलिन का स्रववते, याचे उत्तर येथे आहे. मात्र शरीरात निर्माण झालेले जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांतच निष्प्रभ होते.

जाठराग्नी म्हणजे अमुक संप्रेरक, असे समीकरण मांडण्याचा मोह मात्र आवरावा. १३ अग्नींची कल्पना एका रेणूत मावणारी नाही.

आपल्या कर्जत-खालापूर परिसरात या ज्ञानाचा उपयोग पदोपदी होतो. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले व मुंबईच्या गिरण्यांना येथून वीज जाऊ लागली. आज खालापूर तालुक्यातील कारखान्यांत आपलेच लोक रात्रपाळी करतात. निद्राक्षयाने घ्रेलिन वाढते व मेदोधातूतून स्रवणारे, तृप्तिकर लेप्टिन घटते, असे २००४ च्या एका प्रयोगात तरुणांमध्ये दिसून आले. पहाटे पाळी सुटल्यावर वडापाव खाणाऱ्यास केवळ ‘जिभेवर ताबा ठेवा’ म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. त्याच्या निद्रेचा विचार आधी करावा लागतो. आपले मुख्य अन्न भात. तो पानात प्रथम न घेता उसळ किंवा भाजी आधी खाल्ल्यास भोजनोत्तर शर्करा कमी चढते, हेही आता प्रयोगांती दिसले आहे. श्रावणात टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या बाजारात येतात तेव्हा हा सल्ला देणे सोपे असते.

आता प्रस्तुत लेखाच्या मुख्य प्रयोजनाकडे वळू. जीएलपी-१ प्रमाणे कार्य करणारे, पण चटकन नष्ट न होणारे द्रव्य अमेरिकेतील एका विषारी सरड्याच्या विषात सापडले व त्यावर आधारित औषधास २००५ मध्ये तेथे मान्यता मिळाली. (अगदतंत्राच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये.) पुढे आठवड्यातून एकदा टोचावयाची औषधे आली. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये व वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले.

असे इंजेक्शन मुंबईच्या किंवा पनवेलच्या डॉक्टरांकडून घेणारा रुग्ण आपल्याकडे अरुची, हृल्लास, आध्मान, मलावष्टंभ अशा तक्रारी घेऊन आला, तर चित्र हुबेहूब अग्निमांद्याचे दिसते. तो स्वतःहून इंजेक्शनचा उल्लेख करीलच असे नाही. अशा वेळी सवयीने लंघन सांगितले आणि रुग्ण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनही घेत असला, तर शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कारले, मेषशृंगी यांची जोड त्यात भर घालू शकते. आमाशयात अन्न दीर्घकाळ रेंगाळत असल्याने वमनाचा विचार तर माझ्या मते करूच नये. आधीच उलट्या व जलक्षय असताना विरेचनही टाळावे. ही मंदता औषधाने आणलेली आहे. ती दीपन-पाचनाने जिंकण्यापेक्षा मूळ चिकित्सकाशी बोलून मात्रेचा फेरविचार करणे उचित. पोटातील तीव्र, न थांबणारी वेदना पाठीकडे जात असेल, तर स्वादुपिंडशोथाची शंका घेऊन रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

म्हणून प्रश्नपरीक्षेत ‘कोणती गोळी चालू आहे?’ यासोबत ‘कोणते इंजेक्शन घेता, शेवटचे कधी घेतले?’ हा प्रश्न कायमचा असावा. साप्ताहिक औषधाचा प्रभाव शेवटच्या इंजेक्शननंतरही काही आठवडे टिकतो. ‘आता बंद केले आहे’ या उत्तरावर विसंबू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन गोष्टी. ही औषधे प्रिस्क्रिप्शनखेरीज देऊ नयेत. शेजाऱ्याचे वजन उतरले म्हणून मागणारे ग्राहक येणारच. दुसरे म्हणजे न वापरलेली पेने २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागतात आणि एकदा गोठलेले औषध पुन्हा वापरता येत नाही. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते तेथे शीतपेटीत तापमापक ठेवून त्याची नोंद रोज करावी, तसेच पेन बर्फकप्प्याला टेकू देऊ नये.