स्तनांची स्वपरीक्षा : हाताचे शिक्षण

स्वपरीक्षा शिकविल्याने कर्करोगाचे मृत्यू घटतात काय, या प्रश्नास शांघायमध्ये प्रतिकूल उत्तर मिळाले. तेथील कापडधंद्यातील २,६६,०६४ स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू घटले नाहीत. निरुपद्रवी गाठींचे नमुने काढण्याचे प्रसंग मात्र वाढले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून निराळा मार्ग चोखाळला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या प्रयोगात पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. सर्व वयांची मिळून दिसलेली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही.

यावरून स्वपरीक्षा त्याज्य ठरत नाही. बोरीवलीतील गृहिणीस क्ष-किरण तपासणी वर्षोवर्षी घडेलच असे नाही. आपल्या शरीराची ओळख मात्र तिला ठेवता येते. पाळी संपल्यावर काही दिवसांनी, मधल्या तीन बोटांच्या टोकांनी नव्हे तर पेरांच्या मांसल भागाने, गळ्याखालच्या हाडापासून स्तनाच्या तळापर्यंत व काखेपर्यंत, प्रथम हलका, मग खोल दाब देत चाचपावे. नवी गाठ, त्वचेवरील खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारे रक्त आढळल्यास डॉक्टरांस दाखवावे. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच ती घरात महिनोन् महिने लपविली जाते.