परक्या शहरांतील रात्र

आमच्या टेंभुर्णीच्या पंचक्रोशींतूनही आतां मुलें-मुली शिक्षणासाठीं लंडनला जाऊं लागलीं आहेत. घरची मंडळी लोणचें, मेतकूट, गरम कपडे सारें बांधून देतात. परंतु तेथील रात्रीची तयारी सहसा कोणी करून देत नाहीं. परक्या शहरांत माणूस रुळतो तो रस्ते पाठ झाल्यानें नव्हे. तेथें दिवस केव्हां संपतो आणि पुढचा वेळ लोक कसा घालवितात, हें उमगल्यानें रुळतो.

प्रथम सूर्याचें पाहूं. आपला जालना जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २० अंशांवर आहे. त्यामुळें आपला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत अडीच तासांच्या आंतबाहेरच फरक पडतो. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर. तेथें जूनमध्यें दिवस साडेसोळा तासांचा असून सूर्य रात्रीं सव्वानऊनंतर मावळतो. डिसेंबरांत दिवस आठ तासांहूनही लहान, आणि चारच्या सुमारास दिवेलागण. सप्टेंबरांत गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या तीन महिन्यांतच हा अंधार गांठतो. त्यांत आणखी एक अडचण अशी कीं, हिवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें. तो सायंकाळीं सातला एकट्या खोलींत शिरतो, तेव्हां आपल्याकडे रात्रीचा साडेबारा झालेला असतो. घराची आठवण सर्वांत अधिक येते त्या वेळीं घर निजलेलें असतें! म्हणून फोन त्याच्या दुपारीं करावा. आणि त्यानें दुपारच्या उजेडांत थोडें फिरून यावें व आठवड्यांतील दोन संध्याकाळ तरी चार माणसांत घालवाव्या.

तीं चार माणसें पुष्कळदां पबमध्यें भेटतात. हें नांव ऐकूनच आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. परंतु पब म्हणजे गुत्ता नव्हे. शब्दाचा मूळ अर्थच ‘सार्वजनिक घर’ असा आहे. तेथें जेवण मिळतें, फळांचा रसही मिळतो. टेबलापाशीं वाट पाहत बसल्यास बहुधा कोणी विचारावयास येत नाहीं. काउंटरपाशीं जाऊन मागावें आणि पैसे द्यावे. मित्र एकत्र आले म्हणजे प्रत्येकजण पाळीपाळीनें सर्वांसाठीं पेय आणतो. न पिणाऱ्यानें खुशाल रस घ्यावा, मात्र आपली पाळी चुकवूं नये. न पिण्याबद्दल सहसा कोणी नांवें ठेवीत नाहीं. पाळी चुकविणाऱ्यास मात्र ठेवतात.

पुष्कळ पब अकराच्या सुमारास मिटतात. त्याआधीं शेवटच्या मागणीची घंटा होते. १८६३ साली सुरू झालेली भुयारी रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. २०१६ पासून कांहीं मार्गांवर शुक्रवारीं व शनिवारीं ती रात्रभर धांवूं लागली. एरव्हीं रात्रीच्या बसगाड्या असतात. म्हणून घराबाहेर पडतांनाच परतीची गाडी पाहून ठेवावी. रात्रीं अकरा ते सकाळीं सात हा वेळ तेथील कायद्यानें शांततेचा मानला आहे. मोठ्यानें गाणीं लावल्यास शेजारी तक्रार करूं शकतात. संकटसमयीं ९९९ हा क्रमांक तोंडपाठ असावा.

अर्थात् रात्रीचा उपयोग एकाच रीतीनें करावा असें नाहीं. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र व कायदा शिकण्यासाठीं लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत ते दिवसभर वाचीत आणि बिऱ्हाडीं परतल्यावर रात्रींही अभ्यास चाले. १९२१-२२ मध्यें ते १०, किंग हेन्रीज रोड येथें राहत. तें घर महाराष्ट्र शासनानें २०१५ साली विकत घेतलें आणि आतां तेथें त्यांचें स्मारक आहे. पुढें १९५० साली त्यांच्या संस्थेनें औरंगाबादेंत महाविद्यालय काढलें आणि आमच्या मराठवाड्यांतील गरीब मुलांना उच्च शिक्षणाची वाट खुली झाली.

ज्याला सोबत हवी, त्याच्यासाठीं १९३२ साली स्थापन झालेलें लंडनचें महाराष्ट्र मंडळ आहे. तेथें गणेशोत्सव होतो, मराठी कानांवर पडतें. मात्र सर्वच संध्याकाळ आपल्याच माणसांत घालविल्या, तर शहर परकेंच राहील. एक संध्याकाळ मंडळाची, एक नव्या मित्रांची आणि उरलेल्या पुस्तकांच्या, अशी वांटणी पहिल्या हिवाळ्यापासूनच करावी. मुलाला निरोप देतांना वडील माणसांनीं त्याला एवढें समजावून सांगितलें, तर डिसेंबरचा अंधार त्याला अनपेक्षित वाटणार नाहीं.