बार्शीत रेल्वे १८९७ ला, पाटोदा तालुक्यात २०२५ ला! छोट्या गाडीची मोठी गोष्ट नेमकी काय?

पाटोद्याहून सोलापूरला जायचं तर आमच्या घरात वाट ठरलेली आहे: जामखेड, खर्डा, बार्शी. परवा त्याच वाटेनं निघालो, पण बार्शीतून सोलापूरची एसटी न धरता कुर्डुवाडीला वळलो. कारण आजी. लग्नानंतर ती पहिल्यांदा आषाढीला गेली ती बार्शीहून 'छोट्या गाडीनं'. कुर्डुवाडीला गाडी किती वेळ थांबायची आणि चढावर वेग किती कमी व्हायचा, हे तिच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की एकदा जागा बघून यावी असं वाटलं.

बघायला काय मिळालं? खरं सांगायचं तर एक साधं जंक्शन. मुंबई-सोलापूर मुख्य मार्गाच्या गाड्या धडधडत जातात, लातूर आणि पंढरपूर-मिरजेचे फाटे इथूनच फुटतात. रेल्वेचा कारखाना आहे, पण तो काही सहलीला उघडा नसतो. फाटकापर्यंत गेलो, भिंत पाहिली, परत फलाटावर येऊन चहा घेतला. छोट्या गाडीची गोष्ट मात्र या साध्या जंक्शनपेक्षा पुष्कळ मोठी आहे.

मुख्य लाइननं बार्शीला टाळलं, मग?

जीआयपी रेल्वेचे रूळ १८५९ मध्ये इथवर आले आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचले. कापूस, धान्य, गळिताचा माल यांची बाजारपेठ होती बार्शी, 'बार्शी तिथं सरशी' म्हणतात ती. पण लाइन गेली सुमारे ३५ किलोमीटर बाजूनं. कुर्डुवाडी स्टेशनाचं तेव्हाचं नावच होतं 'बार्शी रोड'. म्हणजे गाव दूर, स्टेशनाला नुसतं गावाकडच्या रस्त्याचं नाव! पुढची जवळपास ३७ वर्षं बार्शीचा माल बैलगाडीनं या स्टेशनावर यायचा.

हे कोडं सोडवलं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं. तो १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत आला होता. बरीच वर्षं पाठपुरावा करून त्यानं १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी केली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली.

तंत्र काय होतं?

इथं मी जरा रेंगाळणार आहे, इंजिनिअरिंगची चार वर्षं कुठंतरी उपयोगी पडू द्या.

दोन रुळांमधलं अंतर होतं २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आजचं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. पण कॅलथ्रॉपची खरी करामत रुंदीत नव्हती, ती वजनाच्या वाटणीत होती. रुळाला त्रास होतो तो गाडीच्या एकूण वजनाचा नाही, एका ॲक्सलवर किती भार येतो त्याचा. त्यानं नियमच घातला की इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, एका ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही. मग इंजिन हलकं करायचं का? नाही, चाकं वाढवायची. लीड्सच्या किटसन कंपनीच्या पहिल्या इंजिनांना आठ चालकी चाकं आणि मागं आणखी चार. सहा ॲक्सल, म्हणजे जवळपास ३० टनांचं इंजिन खुशाल चालवता येतं.

त्यामुळे रूळ किती हलका चालला पाहा: मीटरला साधारण १५ किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. रूळ हलका म्हणून खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणून आडबाजूच्या गावालाही रेल्वे परवडते, असा सगळा हिशेब.

हा नमुना पुढं उलटा इंग्लंडला गेला. १९०४ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये सुरू झालेली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे कॅलथ्रॉपनं बार्शीच्या धर्तीवरच आखली. रुंदी तीच, २ फूट ६ इंच. आपण नेहमी तिकडून इकडे आलेल्या गोष्टी सांगतो, ही बार्शीहून तिकडे गेलेली. (कॅलथ्रॉप महाशयांनी नंतर 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूटही बनवलं, पण तो विषय वेगळा.)

मराठवाड्यात गाडी कधी आली?

१९०६ मध्ये छोटी गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी झाली सुमारे ३२५ किलोमीटर. यात लातूरचा फाटा महत्त्वाचा. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, लातूर निजामाच्या. आमचं पाटोदाही निजामाकडेच. लातूरच्या बाजाराला या लाइननं मुंबईची वाट उघडली. बालाघाटावरची आमची गावं मात्र बैलगाडीवरच राहिली.

आणि धाराशिव? या लाइननं त्यालाही टाळलं. जिल्ह्याचं ठिकाण असून तिथे गाडी आली ती ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला तेव्हा, २००७-०८ च्या सुमारास.

१ जानेवारी १९५४ ला ही रेल्वे सरकारनं ताब्यात घेतली. पुढं टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झालं आणि छोटी गाडी थांबली. ते व्हायलाच हवं होतं, मला त्याचं दुःख नाही. इंजिन बदलल्याशिवाय सरळ मुंबईचा डबा लातुरात येणं ही चैन नव्हे, गरज होती. खटकतं ते दुसरंच. कालका-शिमला मार्गाची रुंदीही ७६२ मिलिमीटरच आहे, तो २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मॅनिफोल्डची गाडी १९३४ मध्येच बंद पडली, पण तिच्या वाटेवर १९३७ मध्ये चालण्याचा रस्ता झाला. आज लोक तिथे सायकली चालवतात. कुर्डुवाडीत उतरणाऱ्या नव्या प्रवाशाला मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही की तो कशावर उभा आहे.

पाटोदेकरांनी हे का वाचायचं?

कारण आपली वेळ आता आलीय. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. आष्टीपर्यंत गाडी यायला २३ सप्टेंबर २०२२ उजाडला, आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. बीड ते परळी टप्पा अजून बाकी आहे.

या मार्गावर पाटोदा तालुक्यातलं स्टेशन आहे अमळनेर, भांड्याचं अमळनेर. पाटोदा शहर बाजूलाच राहिलं. म्हणजे आपली गत १८५९ च्या बार्शीसारखी: लाइन तालुक्यात, गाव लाइनीवर नाही. बार्शीनं मधलं अंतर भरायला आख्खी रेल्वे आणली. आपल्याला तेवढं नकोय. गाडीच्या वेळेला धरून पाटोदा-अमळनेर एसटी आणि मालाला उभं राहायला जागा एवढं मिळालं तरी कांदा, सोयाबीन घेऊन जाणाऱ्याचा आणि शिकायला नगरला जाणाऱ्या पोरापोरींचा हिशेब बदलतो. आता आवाज उठवायचा तो यासाठी. रेल्वे आली म्हणून पेढे वाटून झाले, पण स्टेशनापासून घरापर्यंतचं अंतर कुणाच्या भाषणात नव्हतं.

घरी आल्यावर आजीला फोटो दाखवले. ती म्हणाली, यात काहीच ओळखू येत नाही. मग विचारलं, आता अमळनेरहून रेल्वेनं पंढरपूरला जाता येईल का?

येईल. अमळनेरहून अहिल्यानगर, तिथून दौंड, दौंडहून कुर्डुवाडी. आणि कुर्डुवाडीला गाडी बदलायची.