बर्फाखाली झोपणाऱ्या आमरी

इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात व्हीच कुटुंबाची मोठी रोपवाटिका होती. तिथले माळी जॉन डॉमिनी यांनी गावातले सर्जन जॉन हॅरिस यांच्या सल्ल्यावरून कॅलँथे या ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या, दोन जातींचा संकर केला. 1856 साली त्या रोपाला फूल आलं. माणसाने घडवलेलं आणि फुललेलं हे पहिलं संकरित ऑर्किड. त्याचे दोन्ही पालक सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलांतही सापडतात. ते फूल पाहून वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली म्हणाले, की आता तुम्ही वनस्पतिशास्त्रज्ञांना वेड लावणार, अशी आठवण सांगतात. आज नोंदलेल्या संकरित ऑर्किडची संख्या एक लाखाच्या पुढे गेली आहे.

वेड लावण्याचं हे काम निसर्गाने मात्र फार आधीपासून चालवलं होतं, आणि तेही लिंडलींच्याच देशातल्या ओलसर कुरणांत. आपण ऑर्किड म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येतात झाडाच्या खोडावर मुळं पसरून राहणाऱ्या आमरी. युरोपातल्या आमरी जमिनीत वाढतात. हिवाळ्यात त्यांतल्या अनेकींचा वरचा सगळा भाग वाळून जातो, जमीन गोठते, आणि मातीखाली कंद किंवा आखूड खोड तेवढं जिवंत राहतं. वसंतात त्यातून पुन्हा कोंब येतो. बागकाम करणारे यांना कणखर ऑर्किड म्हणतात. त्यांतला सर्वांत गोंधळात टाकणारा गट म्हणजे डॅक्टिलोरायझा. याच्या कंदाला हाताच्या बोटांसारखे फाटे असतात, आणि जांभळ्या-गुलाबी फुलांचा दाट तुरा जून महिन्यात ब्रिटनमध्ये रस्त्याकडेला, रेल्वेच्या बांधावर, जुन्या खाणींत सर्रास दिसतो.

तिथे दोन जाती शेजारी उभ्या आहेत असं समजा. एक डॅक्टिलोरायझा फुशाई. हिच्या पानांवर बहुधा गडद ठिपके असतात. फुलाची खालची पाकळी, जिला ओठ म्हणतात, तिचे तीन ठळक भाग असतात आणि मधला भाग सर्वांत लांब. खोड भरीव. दुसरी डॅक्टिलोरायझा इन्कार्नाटा. तिची पानं उभी, पिवळसर हिरवी, टोकाशी होडीसारखी वळलेली; खोड पोकळ; ओठाच्या दोन्ही कडा मागे दुमडलेल्या, म्हणून फूल अरुंद दिसतं. इथवर ओळख सोपी आहे. या दोन्हींच्या पेशींत प्रत्येकी 40 गुणसूत्रं असतात. त्यांच्यासारख्या पूर्वजांचा संकर झाला, संकरातल्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली, आणि 80 गुणसूत्रांची, स्वतःच्या बळावर बी धरणारी नवी जात उभी राहिली. हे एकदाच घडलं नाही. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या ठिकाणी ते पुन्हापुन्हा घडलं. दक्षिण इंग्लंडमधली प्रीटरमिसा, उत्तरेकडची पर्प्युरेला आणि मध्य युरोपातली मजालिस या अशाच जन्मलेल्या जाती आहेत. म्हणजे एकाच घराण्याच्या दोन शाखांतून अनेक भावंडं निघाली, आणि ती एकमेकांसारखीच दिसतात.

प्रकरण इथे थांबत नाही. प्रीटरमिसा आणि फुशाई एकाच कुरणात असल्या की त्यांचाही संकर होतो. एकीकडून 40 आणि दुसरीकडून 20 गुणसूत्रं येऊन 60 गुणसूत्रांचं रोप तयार होतं. हे रोप पालकांहून उंच आणि दणकट होतं, तुरा भरघोस येतो. हिशेबाने ते पूर्ण वांझ असायला हवं, कारण गुणसूत्रांचे तीन संच असले की त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत. प्रत्यक्षात थोडं बी धरतं, पालकांशी पुन्हा संकर होतो, आणि कुरणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मधल्या रूपांची रांग लागते. लंडनमधल्या क्यू वनस्पती उद्यानाशी जोडलेल्या रिचर्ड बेटमन यांच्यासारख्या संशोधकांनी आयुष्याची कित्येक वर्षं हा गुंता सोडवण्यात घालवली. हरितलवकातला डीएनए आईकडून येतो. तो वाचून संकरात आई कोण होती हे सांगता येतं. अनेक जातींत ती फुशाईच्या बाजूची निघाली.

यातून निघणारी कामाची गोष्ट अशी, की या आमरी एका फुलावरून ओळखू नयेत. पानावर ठिपके नाहीत म्हणून निवाडा देणं सर्वांत धोक्याचं, कारण ठिपके एकाच जातीत असतात आणि नसतातही. उंचीवर तर मुळीच विसंबू नये. ती माती आणि पावसाप्रमाणे बदलते. त्या जागेतली दहा-बारा रोपं पाहावीत. ओठाचा आकार, शुंडिकेची, म्हणजे फुलामागच्या नळीसारख्या भागाची, जाडी, सर्वांत खालच्या पानाचं टोक, खोड पोकळ की भरीव, आणि जमीन चुनखडीची की आम्लधर्मी, हे सगळं जुळवून मग नाव घ्यावं. काही रोपांना नाव देता येत नाही, आणि तसं मोकळेपणाने लिहून ठेवणं हेच तिथे शास्त्रीय उत्तर असतं. रोपवाटिकांतल्या चिठ्ठ्यांवर तर फारच सांभाळून विश्वास ठेवावा. मदेरा बेटावरची फोलिओसा म्हणून विकली जाणारी कितीतरी रोपं प्रत्यक्षात संकरित असतात.

वाढवायला हीच संकरित रोपं सोपी. अर्धं ऊन, ओलावा धरणारी पण पाणी न साचणारी माती आणि खताचा मोह आवरणं, एवढ्यावर ती वर्षानुवर्षं फुलतात. जुना कंद दरवर्षी सुकतो आणि शेजारी नवा भरतो, म्हणून वाटणी करायची तर पानं वाळल्यावर शरद ऋतूत. हिरवळीत आपोआप उगवलेली आमरी टिकवायची असेल, तर बी पडेपर्यंत तिथे गवत कापणीचं यंत्र फिरवू नये. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी या उन्हाळ्यात आपल्या अंगणातला एखादा कोपरा असा सोडून पाहावा.

बियांची गोष्ट वेगळी. चार्ल्स डार्विन यांनी त्या काळी ऑर्किस मॅक्युलाटा म्हटल्या जाणाऱ्या ठिपकेदार आमरीच्या एका शेंगेत सुमारे 6,200 बिया मोजल्या आणि एका रोपाच्या 30 शेंगांचा हिशेब करून 1,86,300 हा आकडा काढला. मग सगळी पृथ्वी आमरींनी का झाकली जात नाही? कारण बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात अन्नाचा साठाच नसतो. मातीतल्या विशिष्ट बुरशीने आत शिरून त्याला अन्न पुरवलं, तरच ते रुजतं. हे कोडं फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये उलगडलं. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर आणि क्षार घातलेल्या आगार या जेलीसारख्या पदार्थावर बी रुजवून दाखवलं. उष्ण प्रदेशातल्या ऑर्किडना ते मानवलं. थंड प्रदेशातल्या आमरी अडून बसल्या. त्यांच्या पिकलेल्या बियांचं कवच कठीण, आणि त्यांना अमोनिया, नायट्रेटसारखे क्षार फारसे झेपत नाहीत. स्वीडनचे डॉक्टर स्वान्ते माल्मग्रेन यांनी सलाइनमधून रुग्णांना देतात ते अमिनो आम्लांचं द्रावण आणि अननसाचा रस वापरून रोपं तयार केली, आणि शेंगा हिरव्या असतानाच त्यातलं बी पेरण्याची पद्धत रुळवली.

याचं मोल कळतं ते सिप्रिपीडियम कॅल्सिओलस या लेडीज स्लिपर आमरीमुळे. तपकिरी पाकळ्या आणि पिवळी, बुटासारखी पिशवी असलेलं हे फूल. पिशवीत पडलेली लहान मधमाशी आल्या वाटेने बाहेर निघू शकत नाही. मागच्या अरुंद फटीतून निघताना तिच्या पाठीला पराग चिकटतात, आणि मध मात्र तिला मिळत नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात ही आमरी एकेकाळी बाजारात विकायला येई. खणून नेणाऱ्यांनी ती इतकी संपवली, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती देशातून नाहीशी झाली असं मानलं गेलं. 1930 मध्ये यॉर्कशरच्या डोंगराळ भागात एकच झाड सापडलं. जागा कुणालाही सांगितली गेली नाही, आणि पुढे फुलण्याच्या काळात त्यावर पहारा बसू लागला. 1983 मध्ये क्यू उद्यानात सेन्सबरी ऑर्किड प्रकल्प सुरू झाला. हाताने परागण केलेल्या बियांपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवून 1989 पासून ती रानात लावली गेली. त्यांतल्या एकाला पहिलं फूल आलं ते 2000 साली, म्हणजे लावल्यानंतर अकरा वर्षांपर्यंत वाट पाहायची तयारी ठेवावी लागली. एक जात संपवायला काही उन्हाळे पुरतात, परत आणायला माणसाचं निम्मं आयुष्य लागतं.

हौशी माणसाने मात्र शुद्ध जातीच्या मागे लागू नये. जिसेला नावाची सिप्रिपीडियमची संकरित रोपं पालकांपेक्षा सोशीक असतात. उथळ पसरणाऱ्या मुळांसाठी रुंद कुंडी, खडबडीत निचऱ्याचं मिश्रण आणि दोन-तीन महिने कडक थंडी त्यांना लागते. थंडी मिळाली नाही तर कोंब जागाच होत नाही. म्हणून पुण्या-मुंबईत हे रोप आणणं म्हणजे ते मारणं, हे मला स्पष्ट सांगावंसं वाटतं.

आपल्याकडे ही घराणी आहेत ती हिमालयात. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा सालमपंजा हा डॅक्टिलोरायझा हटागिरियाचा कंद. तो रानातून खणूनच येत आला आहे, आणि त्यामुळे ही जात धोक्यात आहे. सह्याद्रीतल्या जमिनीवरच्या आमरी थंडीऐवजी दुष्काळ झोपून काढतात. कासच्या पठारावरची टूथब्रश ऑर्किड, म्हणजे हॅबेनारिया हेनियाना, पावसात उगवते, फुलते आणि पुढचे कोरडे महिने कंदात लपून राहते. तिची बुरशी, तिची माती, तिचा पाऊस तिथेच आहे. कुंडीत ती सहसा जगत नाही.

तेव्हा या पावसाळ्यात सड्यावर आमरी दिसली तर फुलाचा समोरून, शुंडिकेचा बाजूने आणि पानांचा एकेक फोटो घ्या, आजूबाजूची रोपंही टिपा, आणि कंदाला हात लावू नका. विकत घ्यायचीच असेल तर विक्रेत्याला विचारा, हे रोप प्रयोगशाळेत बाटलीत पेरलेल्या बियांपासून वाढवलं आहे का. उत्तर नीट मिळालं नाही, तर घेऊ नका.