आहारतज्ज्ञ व्हायचे, तर पदवीपुढची वाट आधी नीट पाहून घ्या

बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांतल्या भिंतींवर नवनव्या कोर्सच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांत अलीकडे डाएटिशियनच्या कोर्सची भर पडली आहे. कुणी तीन महिन्यांत, कुणी सहा महिन्यांत आहारतज्ज्ञ करून देण्याची हमी देतो. मालेगावचा यंत्रमागवाला असो, बेकरीवाला असो की कोकणातला मासळीचा व्यापारी, मुलीने इज्जतीचे आणि घरसंसार सांभाळून करता येईल असे काम शिकावे, ही प्रत्येकाची इच्छा असते. म्हणून तो गल्ल्यातले पैसे काढून फी भरतो. वर्षभराने मुलगी सर्टिफिकेट घेऊन रुग्णालयात जाते, तेव्हा तिला पहिलाच प्रश्न विचारला जातो : एम.एस्सी. झाली आहे का, इंटर्नशिप कुठे केली? उत्तर नसेल, तर पैसेही गेले आणि वर्षही गेले. हा तोटा टळावा म्हणून या धंद्याची रीतसर वाट आम्ही येथे मांडत आहोत.

हा हुनर नेमका कोणता?

आहारतज्ज्ञ म्हणजे केवळ वजन कमी करण्याचा तक्ता लिहून देणारा माणूस नव्हे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला किती प्रथिने आणि किती पोटॅशियम चालेल, नळीने अन्न देण्याच्या रुग्णाला दिवसाला किती उष्मांक लागतील, इन्सुलिन घेणाऱ्याने कोणत्या वेळी काय खावे, हे हिशोबाने ठरवणे हे त्याचे काम. औषध डॉक्टर ठरवतो, ताट आहारतज्ज्ञ ठरवतो. ताट चुकले तर औषधाचाही उपयोग कमी होतो. म्हणूनच हे काम शिकायला वेळ लागतो.

गरज किती मोठी आहे, हे एका आकड्यावरून कळेल. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख इतकी मांडली गेली. आपल्या समाजातही हा आजार घरोघरी पोचला आहे. रमजान आला की मधुमेही बुजुर्ग रोजा धरण्याचा हट्ट करतात. अशा वेळी धरावा की नाही हे डॉक्टरने सांगायचे आणि धरलाच तर सहरीत व इफ्तारीत काय, किती खायचे हे आहारतज्ज्ञाने सांगायचे. खिचडा, नहारी, शीरखुर्मा म्हणजे काय आणि ते घरात कसे शिजते, हे ज्या मुलीला आईच्या चुलीपाशी कळले आहे, तिचा सल्ला आपल्या माणसांना लवकर पटेल. नुसते बंद करा म्हणणाऱ्याचे कुणी ऐकत नाही. कमी तेलात कसे करा, किती घ्या आणि सोबत काय घ्या, हे सांगणाऱ्याचे ऐकतात.

पहिला टप्पा : पदवी

पाया आहे बी.एस्सी. आहारशास्त्र, अन्न व पोषण, किंवा होम सायन्समधील पोषण विषय. बहुतेक ठिकाणी बारावी विज्ञान, त्यातही जीवशास्त्र व रसायनशास्त्र, घेतलेले असणे सोयीचे ठरते. काही होम सायन्स महाविद्यालये इतर शाखांच्या मुलींनाही घेतात, पण पुढे एम.एस्सी.च्या वेळी अडचण येईल काय, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. अकरावीला शाखा निवडतानाच हा विचार झाला, तर पुढचा मनस्ताप वाचतो.

दुसरा टप्पा : पदव्युत्तर शिक्षण

रुग्णालयातील जागेसाठी नुसती पदवी सहसा पुरत नाही. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची एम.एस्सी., ही रुळलेली वाट. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी केली, तर एम.एस्सी. एका वर्षात करण्याची सोय ठेवलेली आहे. दोन्ही मार्गांनी वर्षे पाचच होतात. याशिवाय पदवीनंतर आहारशास्त्राची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका हाही एक जुना मार्ग आहे.

एम.एस्सी.त जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, रोगानुसार आहारोपचार, संस्थांतील भोजनव्यवस्था, संख्याशास्त्र आणि एक लहानसे संशोधन, असे विषय असतात. मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे जुहू येथील सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आणि न्यू मरीन लाईन्सचे निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय ही या विषयातली जुनी नावे. मराठवाड्यातील मुलींसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उपयोजित पोषणशास्त्राच्या एम.एस्सी.साठी प्रसिद्ध आहे. केवळ मुलींचे महाविद्यालय हवे, असा ज्या घरांचा आग्रह असतो, त्यांच्यासाठीही यात सोय आहे.

तिसरा टप्पा : इंटर्नशिप आणि परीक्षा

उस्तादाच्या हाताखाली बसल्याशिवाय कारागीर तयार होत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. येथेही तसेच आहे. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही आहारतज्ज्ञांची जुनी संघटना नोंदणीकृत आहारतज्ज्ञ, म्हणजे आर.डी., यासाठी परीक्षा घेते. त्यासाठी पोषण वा आहारशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. या काळात मुलगी वॉर्डात फिरते, रुग्णांच्या नोंदी ठेवते, रुग्णालयाच्या मुदपाकखान्यात उभी राहते. अनेक ठिकाणी या काळात पगार मिळत नाही. तेव्हा हे सहा महिनेही खर्चात धरावेत.

कायदा बदलला आहे

2021 मध्ये संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा समावेश आहे. डॉक्टर आणि वकिलांप्रमाणे या व्यवसायातही नोंदवही असावी आणि मान्य शिक्षणाशिवाय कुणी हे काम करू नये, ही या कायद्याची दिशा आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान 3,600 तासांचे शिक्षण हा निकषही त्यात घातला आहे. आजवर कुणीही स्वतःला पोषणतज्ज्ञ म्हणवून पाटी लावत असे. ते दिवस सरत चालले आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दूरस्थ शिक्षणाची. घरी बसून अभ्यास होतो म्हणून आपल्याकडे पत्राद्वारे वा ऑनलाईन कोर्सकडे ओढा असतो. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून अन्न व पोषण, तसेच क्लिनिकल न्यूट्रिशन व आहारशास्त्र हे विषय दूरस्थ आणि ऑनलाईन पद्धतीने शिकवण्यास बंदी केली आहे. या विषयांची दूरस्थ पदवी आजही मिळेल, असे कुणी सांगत असेल, तर त्याच्याकडे पैसे देऊ नयेत.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. अमेरिकेत 1 जानेवारी 2024 पासून आहारतज्ज्ञाच्या नोंदणी परीक्षेला बसण्यासाठी किमान पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे. त्यापूर्वी तेथे पदवी चालत असे. आखाती देशांत नोकरीआधी परवाना लागतो आणि प्रमाणपत्रांची मुळापासून पडताळणी होते. कच्चा कागद तेथे टिकत नाही.

आपल्या धंद्याशी संबंध

हे शिक्षण फक्त रुग्णालयापुरते नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर पदार्थांचे उष्मांक लिहावे लागतात. जानेवारी 2022 पासून तेल-वनस्पतीतील कारखानी ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली आहे. बेकरी, केटरिंग आणि फरसाणाच्या धंद्यात असलेल्या बंधूंना हे नियम कळणारे घरचेच माणूस असेल, तर ती मोठी बरकत आहे. मधुमेहींसाठीचे डबे, रुग्णालयाच्या कॅन्टीनचे कंत्राट, शाळांचे जेवण अशी कामे जाणकार माणूस हाताशी असला की मागता येतात.

फी भरण्यापूर्वी

पावती फाडण्याआधी चार प्रश्न विचारावेत. पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे काय? वर्ग प्रत्यक्ष भरतात काय? इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात आणि कुणाच्या देखरेखीखाली? या कोर्सवर आर.डी. परीक्षेला बसता येते काय? उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत. आपण सुताचा वा कातड्याचा माल उधारीवर घेतानाही नमुना तपासतो. येथे तर मुलीच्या आयुष्याची पाच-सहा वर्षे पणाला लागतात.

पैशांची अडचण असेल, तर राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. ज्यांना व्याजाचा प्रश्न खटकतो, त्यांनी आपल्या जमातीच्या शिक्षण फंडाकडे अर्ज करावा. जमातीच्या कारभाऱ्यांनाही आमची विनंती आहे की, दहा मुलींना तीन महिन्यांच्या कोर्सचे पैसे वाटण्यापेक्षा दोघींचे एम.एस्सी. पुरे करून द्यावे. त्या दोघी उद्या साऱ्या मोहल्ल्याच्या उपयोगी पडतील.