नीरा ओलांडल्यावर : लोणंदची दीडशे वर्षे

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी जेजुरी, वाल्हे, नीरा अशी स्थानके मागे टाकते, नीरा नदीचा पूल ओलांडते आणि सातारा जिल्ह्यात शिरते. या जिल्ह्यातले पहिले मोठे स्थानक लोणंद. दक्षिणेला महादेव डोंगररांगेचा फाटा आणि त्यातला साळप्याचा घाट, उत्तरेला नीरा नदी, पूर्वेला फलटण, पश्चिमेला शिरवळ. सातारा जिल्हा म्हटला की आपल्याला कृष्णा-कोयना आठवतात, पण लोणंदचे ओढे-नाले नीरेला मिळतात आणि नीरा पुढे भीमेला. शिवाय हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. महाबळेश्वरी कोसळणारा पाऊस इथवर येईस्तोवर त्याचा जोर ओसरलेला असतो. गावाची सगळी कहाणी या दोन गोष्टींतून निघते.

बहुतेक मराठी माणसांना लोणंद माहीत आहे ते ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीमुळे. हैबतबाबा आरफळकर मूळचे याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची चाकरी सोडून ते आळंदीला राहिले आणि 1832 च्या सुमारास त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीला नेण्याच्या सोहळ्याला आजचे रूप दिले. पादुकांना नीरास्नान घडते, पाडेगावला सातारा जिल्ह्याची मंडळी सामोरी येतात आणि पालखी लोणंदच्या तळावर उतरते. पूर्वी इथला मुक्काम अडीच दिवसांचा असे. आता तिथीच्या घट-वाढीप्रमाणे एक किंवा दोन दिवसांचा असतो. लोणंद सोडून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब लागतो. तिथे सोहळ्यातले पहिले उभे रिंगण होते. माऊलींचा अश्व दिंड्यांच्या मधून दौडत जातो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे वाकतात. 2020 आणि 2021 साली महामारीमुळे पादुका एसटीने थेट पंढरपूरला गेल्या. त्या दोन आषाढांत लोणंदच्या तळावर दिंड्या उतरल्या नाहीत. वर्षभराची कमाई या दिवसांत करणारे लहान दुकानदार आणि वर्षानुवर्षे ठरावीक दिंडीला जेवू घालणारी घरे, दोघांनाही ती उणीव फार लागली.

पण पालखी वर्षातून एकदा येते. बाकीचे दिवस गाव कशावर उभे राहिले, ते पाहायचे तर मागे जायला हवे.

रेल्वेच्या आधीही लोणंद वाटेवरचेच गाव होते. पुणे, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, साळप्याचा घाट, वाठार, सातारा ही जुनी वाट. नोव्हेंबर 1817 मध्ये खडकी-येरवड्याच्या लढायांनंतर दुसरे बाजीराव दक्षिणेकडे निघाले, तेव्हा पाठलागावरची इंग्रज जनरल स्मिथची फौज साळप्याच्याच घाटाने वर चढली. पेशवाईचा शेवट या घाटावरून गेला, पण गाव त्यानंतरही साठेक वर्षे होते तसेच राहिले. तालुक्याचे ठिकाण नाही, संस्थानाची राजधानी नाही. तेव्हा खंडाळा हा वाई तालुक्याचा पेटा, म्हणजे उपविभाग होता, आणि लोणंदच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर निंबाळकरांच्या फलटण संस्थानाची हद्द लागे. हद्दीजवळचे एक जिरायती खेडे, एवढीच त्याची ओळख.

कलाटणी दिली ती दुष्काळाने. 1876 ते 78 चा तो दख्खनचा भीषण दुष्काळ. त्यातून सरकारने दोन कामे काढली आणि दोन्ही लोणंदच्या आसपासून गेली. पहिले काम नीरेच्या डाव्या कालव्याचे. दुष्काळी कामावर आलेल्या हातांनी त्याची खोदाई सुरू झाली आणि 1885 मध्ये पाणी सुटले, पण ते नदीपलीकडे, पुरंदर आणि बारामतीच्या बाजूला. दुसरे काम रेल्वेचे. दुष्काळात धान्य पोचवता आले नाही म्हणून माणसे मेली, हे दुष्काळ आयोगाने मान्य केले आणि सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन आखली गेली. 1890 पर्यंत पुण्याहून मिरज, बेळगावमार्गे लोंढ्यापर्यंत गाड्या धावू लागल्या. नीरा ओलांडून घाट चढण्यापूर्वीचे स्थानक लोणंदच्या वाट्याला आले.

त्या स्थानकाने गावाचे काय केले, हे फलटणकडे पाहिले की कळते. फलटण हे राजधानीचे गाव, सईबाईंचे माहेर, मंदिरांचे आणि वाड्यांचे, पण तिथे रेल्वे नव्हती. फलटणला जायचे तर लोणंदला उतरायचे आणि पुढे बैलगाडीने, टांग्याने, नंतर मोटारीने जायचे. जाणारा माल आणि येणारा माल, दोन्ही लोणंदच्या धक्क्यावर हाताळले जायचे. जिथे माल उतरतो तिथे हमाल लागतो, वखार लागते, आडत्या लागतो, बैलांना वैरण लागते, माणसाला चहा आणि मुक्काम लागतो. लोणंदची पेठ अशी एकाला एक लागून उभी राहिली. तिच्यामागे कोणा राजाची सनद नव्हती.

मग पाणी आले, निदान जवळ तरी. भाटघरचे मोठे धरण 1928 मध्ये पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याची वाट मोकळी झाली. हा कालवा लोणंदच्या उत्तरेकडून पाडेगाव, फलटण आणि पुढे माळशिरसकडे जातो. पाटाबरोबर ऊस आला. 1930 च्या दशकात फलटण संस्थानात साखरवाडीचा कारखाना उभा राहिला, खाली माळशिरस तालुक्यात सासवडच्या माळ्यांनी माळीनगर वसवले. पाटाच्या पाण्याबरोबर दुसरे दुखणेही आले होते. भारी काळ्या जमिनीत पाणी मुरून राहू लागले, मीठ वर आले, पिकती राने चोपण झाली. डाव्या कालव्यावर हे आधीच दिसले होते. म्हणून 1932 मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. लोणंदपासून हाकेच्या अंतरावरचे हे ठिकाण आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे.

पाडेगावबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण एवढ्या लहानशा गावाचे नाव शेतकऱ्यांच्या इतक्या घरांत क्वचितच पोचते. पूर्वी या भागात पुंड्या ऊस असे, जाड, रसाळ, पण नाजूक. त्याच्या जागी आधी जावा बेटावरचा पीओजे 2878 आला आणि मग कोईमतूरचा को 419. या को 419 ची मातृजात तोच जावाचा ऊस. जावा बेटाच्या पूर्व भागातल्या पासुरुआन गावच्या संशोधन केंद्रात डच शास्त्रज्ञांनी गोड जाड ऊस आणि रानटी काटक ऊस यांचा संकर करून ती जात घडवली होती. इंडोनेशियातल्या एका गावात झालेले काम असे नीरेच्या खोऱ्यात येऊन रुजले. पुढे को 740 ने काही दशके राज्य केले. मग को 86032 आला. महाराष्ट्रात त्याची शिफारस झाली ती ‘नीरा’ या नावाने. त्यानंतर चोपण-क्षारपड जमिनीतही तग धरणारा फुले 265 आला. आज कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंतचा शेतकरी बेण्याची चौकशी करताना पाडेगावचे नाव घेतो. साखरसम्राटांवर आपल्याकडे खूप लिहिले गेले. ज्यांच्या बेण्यावर ती साखर उभी राहिली, त्या केंद्रावर फारच थोडे.

तरीही लोणंद हे उसाचे गाव झाले नाही. पाट उत्तरेकडून, उताराने गेला. गावाच्या दक्षिणेची, साळप्याच्या पायथ्यापर्यंतची राने पाटाच्या वर राहिली. पुढे 1960 च्या दशकात वीरचे धरण झाले. खंडाळा तालुक्याच्या काठाची जमीन त्याच्या पाण्याखाली गेली आणि त्या पाण्याचा मोठा लाभ खालच्या तालुक्यांना झाला. 1972 च्या दुष्काळात इथली माणसे खडी फोडायला गेली, तेव्हा काही मैलांवर उसाला पाटाचे पाणी मिळत होते. ही विषमता कुणा एकाच्या दुष्टाव्याने आली असे मी म्हणणार नाही. पाणी उताराने जाते, आणि कालवा आखणाऱ्यांनी सोपा उतार निवडला. पण डोंगराकडच्या गावांनी तिची किंमत तीन पिढ्या मोजली, ही गोष्ट लोणंदचा इतिहास सांगताना वगळता येत नाही.

या कोरड्या रानांनी जे उत्तर शोधले ते म्हणजे कांदा. मुरमाड, हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत पावसावर येणारा हळवा कांदा. थोडे विहिरीचे पाणी असेल तर उन्हाळ्यात काढायचा, टिकाऊ गरवा. खंडाळा, फलटणचा वरचा भाग, कोरेगावची उत्तर बाजू, शिवाय माण-खटाव, असा मोठा टापू आपला कांदा लोणंदला आणू लागला. पेठ होती, हमाल होते, रेल्वे होती, चार दिशांचे रस्ते होते. बाजाराच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, गोण्या ओतून वक्कले मांडली जातात, व्यापारी आणि आडत्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो. मोठा माल, मध्यम, गोल्टी, चिंगळी अशी प्रतवारी डोळ्यांनीच होते. भाव पुकारला जातो, मापाडी वजन करतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. त्या कागदावर आडत, हमाली, तोलाई वजा होऊन उरलेला आकडा हेच त्याचे सहा महिने. कांद्याच्या जोडीने इथला शेळ्या-मेंढ्यांचा बाजारही नावाजलेला आहे, आणि तोही कोरडवाहू मुलुखाचाच. पावसाची खात्री नाही तिथे धनगराची मेंढरे आणि घरटी दोन शेळ्या हीच ठेव.

म्हणून माझे ठाम मत आहे की लोणंद वाढले ते कालव्यामुळे नव्हे, कालव्याच्या वर राहिलेल्या शेतकऱ्यामुळे. बागायतीचा पैसा फलटण, अकलूज, बारामतीला गेला. जिरायतीचा कांदा लोणंदला आला आणि त्याने पेठ जगवली.

त्याच कांद्याने पेठ हवालदिलही केली. भाव चढले की निर्यातीला लगाम आणि पडले की कोणी वाली नाही, हा अनुभव नाशिकइतकाच लोणंदलाही आहे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले, डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती मे 2024 मध्ये उघडली. बंदीची बातमी आली तेव्हा हळव्या कांद्याचा हंगाम चालू होता. हळवा कांदा चाळीत टिकत नाही. तो आज काढला तर आज विकावा लागतो. गरव्याचा शेतकरी भाव येईपर्यंत थांबू शकतो, हळव्याला ती सोय नाही. दिल्लीत एक निर्णय झाला आणि त्याची झळ आधी लागली ती या जिरायती रानांना.

गेल्या पाच-सहा दशकांतले बाकीचे बदल भराभर झाले. 1970 च्या दशकाच्या आरंभी पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला. वाड्यावस्त्यांवर वीज गेली, शिरवळप्रमाणे लोणंदलाही औद्योगिक वसाहत आली. बाहेरून कामगार आले, भाड्याच्या खोल्या वाढल्या. खंडाळा स्वतंत्र तालुका झाला, मात्र तालुक्यातली मोठी पेठ लोणंदच राहिली. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. गावातून वाहणाऱ्या खेमावती नदीकडे मात्र गाव आता पाहत नाही. तिच्या पात्रातली घाण उपसणे हे नगरपंचायतीने पहिल्या यादीत घ्यायला हवे होते.

पाण्याची गोष्ट मात्र या शतकात पुढे सरकली. धोम-बलकवडी प्रकल्पाने कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी डोंगर फोडून खंडाळ्याच्या बाजूला, म्हणजे नीरेच्या खोऱ्यात आणले. नीरा-देवघरचे धरण भोर तालुक्यात झाले, पण त्याच्या उजव्या कालव्याची कामे रखडत राहिली आणि तोवर खंडाळा, फलटण, माळशिरसच्या वाट्याचे पाणी नीरेच्या जुन्या डाव्या कालव्याने बारामती, इंदापूरकडे जात राहिले. त्यावरून 2019 मध्ये मोठे राजकारण झाले. राजकारणाचे जे व्हायचे ते होवो. पिढ्यान्पिढ्या पाटाकडे नुसते पाहत आलेल्या गावांना पाणी त्यांच्या रानात हवे आहे.

आणि रेल्वे. 11 सप्टेंबर 2019 रोजी लोणंद ते फलटण हा 26 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला आणि राजधानीच्या गावाला शेवटी गाडी मिळाली. 2021 पासून फलटणहून लोणंदमार्गे पुण्याला डेमू गाडी सुरू झाली. लोणंद जंक्शन झाले. पुढचा फलटण-बारामती तुकडा पूर्ण झाला की दौंडची मुख्य लाइन आणि मिरजेची लाइन इथे जोडल्या जातील, आणि दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या मालगाड्यांना पुण्याची गर्दी टाळता येईल. ही जोडणी लोणंदला पुन्हा एकदा मालाचे गाव करू शकते. गाड्या नुसत्याच जंक्शनवरून निघून जाणार असतील, तर मात्र उपयोग नाही. इथे कांद्यासाठी शीतगृह, सुकवणीचा कारखाना आणि धक्क्यावर वाघिणी भरायची सोय हवी, म्हणजे हळव्या कांद्याच्या शेतकऱ्याला आजच्या आज विकण्याची सक्ती उरणार नाही.

शेवटी एक विनंती, लोणंदच्या आणि आसपासच्या गावच्या वाचकांना. फलटणचा इतिहास लिहिला गेला, साताऱ्याचा लिहिला गेला. लोणंदचा इतिहास आडतीच्या दुकानांतल्या जुन्या वह्यांत, माळ्यावर ठेवलेल्या हिशेबपट्ट्यांत, मीटरगेजच्या काळात धक्क्यावर राबलेल्या हमालांच्या तोंडी आहे. वह्यांना वाळवी लागते आहे आणि ती माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. तुमच्या घरात अशी एखादी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. तिची पाने फोटो काढून ठेवा, आजोबांना बसवून त्यांच्याकडून उतरवून घ्या आणि गावच्या वाचनालयात एक प्रत द्या.