बेडक्याच्या तीन परीक्षा

दोन आठवडे झाले तरी खोकला हटत नाही. संध्याकाळी कणकण येते. अंग वाळत चालले आहे. अशा माणसाला दवाखान्यात डबी देतात आणि सांगतात, "यात बेडका आणा." मग घरची माणसे विचारतात, बेडका कशाला? रक्त तपासले तर नाही का चालणार?

नाही चालणार. फुप्फुसाच्या क्षयाचे जंतू फुप्फुसात असतात. बेडका तिथूनच येतो. रक्तावरून क्षय ठरवण्याच्या काही चाचण्या पूर्वी बाजारात होत्या. त्यांचा निकाल पुष्कळदा चुके. म्हणून भारत सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली.

बेडका तपासण्याच्या तीन मुख्य रीती आहेत. त्या आम्ही येथे सांगतो.

पहिली सूक्ष्मदर्शकाची. जर्मनीतील डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला. तेव्हापासून ही रीत चालत आली आहे. काचेच्या पट्टीवर बेडका पसरतात. त्याला लाल रंग देतात आणि मग आम्लाने धुतात. बाकीच्यांचा रंग जातो, क्षयाच्या जंतूचा जात नाही. तो लाल काडीसारखा दिसतो. या रीतीला खर्च थोडा आणि वेळही थोडा. पण एक मिलिलिटर, म्हणजे वीसेक थेंब बेडक्यात ५,००० ते १०,००० जंतू असले, तरच ते नजरेस पडतात. म्हणून जंतू दिसले नाहीत, म्हणजे क्षय नाहीच, असे समजू नका.

दुसरी रीत जंतू वाढवून पाहण्याची. हिला कल्चर म्हणतात. बियाणे उगवते का, हे आपण पेरणीआधी थोडे दाणे रुजवून पाहतो ना? तसेच हे. जंतूंना खाद्य आणि ऊब देतात. मग अगदी थोडे जंतू असले तरी वाढतात. कोणते औषध त्यांना लागू पडेल, तेही कळते. पण हा जंतू फार सावकाश वाढतो. निकालाला कित्येक आठवडे लागतात.

तिसरी यंत्राची. सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही त्या चाचण्यांची नावे. यंत्र जंतूचा डीएनए, म्हणजे त्याची जन्मखूण, ओळखते. सुमारे दोन तासांत क्षय कळतो. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही, हेही कळते. ट्रूनॅटचे यंत्र गोव्याच्या कंपनीचे आहे. ते बॅटरीवर चालते, म्हणून लहान दवाखान्यातही ठेवता येते. मात्र या यंत्राला मेलेला जंतूही जिवंतासारखाच दिसतो. म्हणून उपचार चालू असताना गुण आला का, हे पाहायला पहिल्या दोन रीतीच लागतात.

रीत कोणतीही असो, बेडका चांगला हवा. नुसती थुंकी नको. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर उभे राहा. खोल श्वास घ्या. छातीतून खोकून बेडका डबीत टाका आणि झाकण घट्ट लावा.

सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, औषधेही फुकट मिळतात. निकालात काही निघाले नाही आणि खोकला तसाच राहिला, तर घरी बसू नका. डॉक्टरांना म्हणा, "पुन्हा तपासा." क्षय वेळेवर कळला आणि औषध पुरते घेतले, तर माणूस बरा होतो. घरातली लेकरेही त्या रोगापासून वाचतात.